बिअरच्या कोठारातली फ्रान्सची हद्द

लंडनच्या कॅमडेन भागातल्या सेंट पँक्रास स्टेशनात युरोस्टार रेल्वेचं तिकीट दाखवायचं, बॅगा एक्स-रेच्या पट्ट्यावर टाकायच्या आणि पुढं सरकायचं. काचेमागं बसलेला असतो फ्रेंच सीमा पोलीस. समुद्राखालचं भुयार इथून शंभरेक किलोमीटरवर, पण फ्रान्सची हद्द इथंच ओलांडायची. पॅरिसहून येणाऱ्यांची तपासणी ब्रिटिश अधिकारी तिथल्या गार द्यू नोर स्टेशनातच उरकतात.

हे भुयार 1994 साली खुलं झालं. त्यातून मोटारी आणि ट्रकही जातात, मात्र ते फोकस्टोनला रेल्वेच्या वाघिणींवर चढतात. 2023 साली तिथून सुमारे 22 लाख मोटारी आणि 12 लाख ट्रक गेले-आले. कॅमडेनच्या वाट्याला येतात ती फक्त माणसं. 2019 साली युरोस्टारनं सुमारे 1 कोटी 10 लाख प्रवाशांची ने-आण केली. त्यातले बहुतेक सेंट पँक्रासमधलेच.

एवढी गर्दी मावते कुठं? स्टेशन 1868 चं. जवळच्या कालव्यावरून रूळ न्यायचे म्हणून फलाट उंचावर बांधले. खालच्या जागेत बर्टनहून येणाऱ्या बिअरची पिंपं ठेवत. लोखंडी खांबांमधलं अंतरही पिंपांच्याच हिशेबानं ठरलं. 14 नोव्हेंबर 2007 रोजी युरोस्टार लंडनच्याच वॉटर्लू स्टेशनातून इथं आली आणि त्या कोठाराचं प्रतीक्षागृह झालं.

नव्या गाडीत सुमारे 900 जागा असतात. म्हणजे दर गाडीमागं तेवढे पासपोर्ट. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, ब्रिटिशांच्या पासपोर्टवरही शिक्के पडू लागले. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्यांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं आली. माणसामागं वेळ वाढला, जागा तेवढीच राहिली. खरी अडचण या खांबांमधल्या रांगेची आहे.

मराठी पाहुणे कॅमडेनला येतात ते बहुधा 10, किंग हेन्रीज रोड या घरासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तिथं राहत होते. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली ते विकत घेतलं. तिथून पुढं पॅरिसचा बेत असेल, तर ब्रिटनच्या व्हिसावर भागत नाही. भारतीय पासपोर्टवर वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. तो भारतातूनच काढून निघा आणि स्टेशनवर हाताशी वेळ ठेवून पोहोचा.