परदेशातील रस्ता आणि आपल्या मुलींचा आत्मविश्वास

आपल्या समाजातील मुली आता शिकून परदेशी जाऊ लागल्या आहेत. कोणी परिचारिका म्हणून, कोणी संगणक अभियंता म्हणून, कोणी पुढील शिक्षणासाठी, तर कोणी लग्न होऊन नवऱ्याबरोबर. विमानतळावर आपण त्यांना मोठ्या अभिमानाने निरोप देतो. पण तिकडे पोहोचल्यावर त्यांना ज्या एका गोष्टीची धास्ती वाटते, तिच्याविषयी घरात क्वचितच बोलणे होते. ती गोष्ट म्हणजे मोटार चालविणे.

कोणी म्हणेल, हा काय चैनीचा विषय? मुळीच नाही. इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. लंडनमध्ये भुयारी रेल्वे आहे, बस आहेत. लहान गावात मात्र बस तासातासाने येते आणि रात्री तीही बंद होते. रुग्णांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या नोकरीत तर वाहन परवाना बहुधा मागतातच. ज्या स्त्रीला गाडी चालविता येत नाही, तिला कामावर जायला, मुलाला दवाखान्यात न्यायला नवऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. येथे स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी तिकडे पुन्हा परावलंबी होते. हे आपण का होऊ द्यावे?

माझी एक भाची इंग्लंडमधील एका छोट्या गावात परिचारिका आहे. येथे ती चार वर्षे गाडी चालवीत होती. तरीही तिकडे पहिले दोन महिने तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. फोनवर म्हणाली, "मामा, रस्ता रिकामा असतो तरी भीती वाटते. इथं कुणी हॉर्नच वाजवत नाही. माझं चुकलं तर मला कळणार कसं?"

तिच्या या प्रश्नातच सारे मर्म आहे.

सवयींचा फरक

भारताप्रमाणेच इंग्लंडमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणजे हात-पाय तेच. बदलाव्या लागतात त्या सवयी. आपण कानाने गाडी चालवितो. मागून हॉर्न ऐकला की बाजूला होतो. तेथे डोळ्यांनी चालवावी लागते. आधी आरसा पाहायचा, मग इशारा द्यायचा, मगच वळायचे. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजविण्यास मनाई आहे.

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. पट्ट्यांच्या क्रॉसिंगवर पादचारी नुसता थांबलेला दिसला तरी गाडी थांबवायची. २०२२ पासून हा नियम अधिक स्पष्ट केला आहे. समोरच्याने दिवे चमकावले की आपल्याकडे "थांब, मी येतोय" असा अर्थ होतो. तेथे पुष्कळदा "तुम्ही आधी जा" असा होतो. मात्र केवळ दिव्यांवर विसंबू नका, रस्ता मोकळा आहे हे स्वतः पाहा, असे तेथील नियमपुस्तिका बजावते. वेगही मैलांत मोजतात. वस्तीत सामान्यतः ३० मैल, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर.

बारा महिन्यांची मुदत

तेथे राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय परवान्यावर मोटार चालविता येते. त्यानंतर चालत नाही, आणि तो बदलूनही मिळत नाही. परीक्षाच द्यावी लागते. म्हणून वर्ष संपण्याची वाट न पाहता शिकाऊ परवान्याचा अर्ज लवकर करावा, कारण परीक्षेची तारीख मिळायला अनेकदा काही महिने लागतात.

लेखी भागात ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात. शिवाय चित्रफितीत धोका ओळखण्याची चाचणी असते. तीत ७५ पैकी ४४ गुण हवेत. रस्त्यावरील परीक्षा सुमारे ४० मिनिटांची असते. तीत १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात. गंभीर चूक एकही चालत नाही. म्हणजे इंजिन एकदा बंद पडले म्हणून सारे संपले, असे नाही. नापास झाल्यास कामाचे १० दिवस सोडून पुन्हा बसता येते.

पायरी-पायरीने

धीर एका दिवसात येत नाही. प्रथम चालकाच्या शेजारी बसून प्रत्येक खुणेचा अर्थ मोठ्याने सांगावा. मग रविवारी पहाटे वर्दळ नसलेल्या गल्ल्यांत गाडी फिरवावी. नंतर घर ते कामाचे ठिकाण हा एकच रस्ता रोज चालवावा. तो पाठ झाला की गोल चौक, मग पाऊस, मग रात्र आणि सर्वांत शेवटी मोटरवे. तेथील मान्यताप्राप्त शिक्षकाच्या गाडीत बहुधा त्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. त्याचे चार-पाच धडे घेतले तर पैसे वाया जात नाहीत.

भाचीने हाच क्रम धरला. सहा महिन्यांत ती रात्रपाळी संपवून स्वतः गाडी चालवीत घरी येऊ लागली.

घरच्यांचे कर्तव्य

शेजारी बसून ओरडणारा नवरा हा नवशिक्या स्त्रीचा सर्वांत मोठा अडथळा असतो. त्याला संयम राखता येत नसेल तर त्याने मागे बसावे, नाहीतर घरीच थांबावे. आणि इकडून फोन करणाऱ्या आई-वडिलांनी, "तू नको बाई चालवूस, जावई आहेत ना!" असे म्हणू नये. आपल्या काळजीपोटी निघालेला हा शब्द मुलीचा धीर खच्ची करतो.

ज्यांच्या मुली-सुना परदेशी निघाल्या आहेत, त्यांनी जाण्यापूर्वी येथेच त्यांना चांगल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घालावे. परवाना सोबत द्यावा. लोणची-पापडांच्या पिशवीइतकीच त्याचीही आठवण ठेवावी. मुलीला शिकवून आपण तिला अर्ध्या वाटेपर्यंत आणले आहे. पुढची वाट तिला स्वतः चालविता आली पाहिजे.