समुपदेशक होण्याचे शिक्षण

मंडळातील एका स्नेह्यांची कन्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत भेटली तेव्हा तिने विचारले, "काका, व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक व्हायचे तर काय शिकावे लागते?" वडिलांची नाराजी लपत नव्हती. दारुड्यांच्या सहवासात मुलीने आयुष्य काढायचे का, हा त्यांचा न उच्चारलेला प्रश्न होता.

बालाघाट हा मोहाच्या दारूचा मुलूख. येथे वैद्यकी करताना मी कित्येकांची कापरी थांबवली. थायमिन, डायझेपाम, सलाईन. आठवड्याभरात रुग्ण घरी. निघताना "आता सोडा बरं" एवढे बजावले की माझे कर्तव्य संपे. एक गृहस्थ असे चौथ्यांदा दाखल झाले तेव्हा त्यांच्या पत्नीने शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, घरी नेल्यावर आम्ही काय करायचे?" मजजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर देणे हेच समुपदेशकाचे काम.

त्यासाठी पदवीनंतर मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करणे हा राजमार्ग. नागपूरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आपल्याला जवळची. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था. अभ्यासात व्यसनाची लक्षणे, कुटुंबाशी संवाद, गोपनीयता हे सारे येते. झटके किंवा भ्रम दिसताच रुग्णाला डॉक्टरकडे धाडायचे, हेही शिकावे लागते. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली संवादपद्धती विशेष महत्त्वाची. उपदेश करायचा नाही. व्यसन का सोडावेसे वाटते, हे रुग्णाच्याच तोंडून येऊ द्यायचे. आम्हा डॉक्टरांना हे फार जड जाते, कारण आम्हाला सांगण्याची सवय, ऐकण्याची नव्हे.

मात्र पदवी पुरेशी नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे इतरांना आधार देऊ लागली. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा गट आहे. त्या बाईंचा प्रश्न तेथे पहिल्या दिवसापासून विचारात घेतला जातो. अशा ठिकाणी काही महिने काढल्याशिवाय पुस्तकी ज्ञान अंगी मुरत नाही. व्यसन पुन्हा जडणे हा आजाराचाच भाग आहे, रुग्णाचा विश्वासघात नव्हे, हे तिथेच उमजते.

आपल्या गावी असा माणूस मिळेतो व्यवसायबंधूंनी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक दवाखान्यात लावून ठेवावा. मुलीचे वडील परवा भेटले. नागपूरच्या वसतिगृहांची चौकशी करीत होते.