गाडीला मागे फिरायचं नव्हतं म्हणून

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून सुटलेली टीजीव्ही सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर तासाभरात कापते आणि तूर शहराच्या अगदी वेशीवर येऊन थांबते. तूरमध्ये नव्हे, शेजारच्या सँ-पिएर-दे-कॉरमध्ये. तूरची वस्ती सव्वा लाखाच्या पुढे. राजेरजवाड्यांचे किल्ले पाहायला जगभरातून येणाऱ्यांचा मुक्काम तिथेच पडतो. सँ-पिएर-दे-कॉरची वस्ती जेमतेम १६,०००, आणि पर्यटनाच्या पुस्तकांत त्याला फार तर एखादी ओळ मिळते. तरीही तूरला जाणारे बरेचसे प्रवासी आधी इथे उतरतात, फलाट बदलतात आणि एका छोट्या गाडीत बसून पाचेक मिनिटांत तूरला पोहोचतात. फ्रेंच लोक या गाडीला ‘नाव्हेत’ म्हणतात. दिवसभर तिचं काम एकच, या दोन स्थानकांमध्ये येरझारा घालणं.

मोठ्या शहराला सोडून गाडी धाकट्या गावात का थांबते? उत्तर भूमितीत आहे.

१८४६ साली ऑर्लेआँहून ल्वार नदीच्या काठाने लोहमार्ग तूरपर्यंत आला. त्या वेळी तूर म्हणजे शेवट, म्हणून स्थानकही शेवटाचंच बांधलं गेलं. रूळ शहरात शिरतात आणि भिंतीपाशी संपतात. पुढे दक्षिणेकडे मार्ग वाढत गेला आणि १८५३ पर्यंत पॅरिस ते बोर्दो सलग रूळ झाले. मग पंचाईत झाली. पूर्वेकडून आलेल्या गाडीला बोर्दोला जायचं, तर तूरमध्ये शिरून, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडून, आल्या वाटेनेच बाहेर पडावं लागणार. वाफेच्या इंजिनांच्या काळात यात किती वेळ जात असेल, हे दौंडला इंजिन फिरवण्याची वाट पाहत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. दौंडला त्यावर कॉर्ड लाइनचा उपाय निघाला. तूरलाही तेच झालं. शहराला वळसा घालून थेट शेर नदीच्या पुलाकडे जाणारे रूळ पडले आणि वळशाच्या तोंडाशी असलेलं सँ-पिएर-दे-कॉर लांब पल्ल्याच्या गाड्यांचं ठाणं बनलं. ल्वारच्या वरच्या अंगाला ऑर्लेआँचीही हीच कथा आहे. तिथे हे काम शेजारचं ले-झोब्रे स्थानक करतं.

यातली गंमत पुढेच आहे. १८९८ मध्ये तूरने नवं स्थानक उभारलं. वास्तुरचनाकार विक्तोर लालू हा मूळचा तूरचाच. दर्शनी बाजूला काचेच्या दोन भव्य कमानी आणि बोर्दो, तुलूझ, लिमोझ, नाँत या शहरांचे मानवी रूपातले पुतळे. दोन वर्षांनी याच लालूने पॅरिसला ओर्से स्थानक बांधलं, जे आज संग्रहालय म्हणून जगाला ठाऊक आहे. म्हणजे बोर्दोची दगडी मूर्ती तूरच्या माथ्यावर बसली आणि बोर्दोची गाडी मात्र शेजारच्या गावातून गेली. मला तर हा पुतळ्यांचा थोडा अपमानच वाटतो.

रेल्वे येईपर्यंत सँ-पिएर-दे-कॉर भाजीपाल्याचं गाव होतं. एका बाजूला ल्वार, दुसऱ्या बाजूला शेर, मध्ये पुराच्या गाळाची सपाट, सुपीक जमीन. भाजीला चांगली ती जमीन रेल्वेलाही सोयीची ठरली, कारण यार्डाला लांबरुंद आणि सपाट जागा लागते. चहूकडून आलेल्या मालगाड्या इथे सुट्या होत, एकेक वाघीण आपापल्या दिशेच्या रुळावर ढकलली जाई आणि नव्या गाड्या जोडल्या जात. मग इंजिनांच्या शेड आल्या, दुरुस्तीचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागोमाग कामगारांची घरं. रेल्वे कामगाराला फ्रेंचमध्ये ‘शेमिनो’ म्हणतात, आणि गाव बघता बघता शेमिनोंचं झालं.

हजारो माणसं एकाच भोंग्यावर उठू लागली, एकाच मालकाविरुद्ध बोलू लागली की त्यातून राजकारण उभं राहतंच. १९२० सालचा रेल्वे संप चिरडला गेला आणि देशभरात हजारो शेमिनो कामावरून काढले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रेंच समाजवाद्यांचं अधिवेशन तूरला भरलं. पक्ष तिथे दुभंगला आणि फ्रान्सचा कम्युनिस्ट पक्ष जन्माला आला. त्या सभागृहात उभा राहून वसाहतींतल्या लोकांची बाजू मांडणारा एक किडकिडीत तरुण व्हिएतनामी छायाचित्रात दिसतो. पुढे जग त्याला हो ची मिन्ह म्हणून ओळखू लागलं. शेजारच्या सँ-पिएर-दे-कॉरने तेव्हाच लाल रंग धरला आणि युद्धकाळ वगळता तो २०२० पर्यंत सोडला नाही. या शंभर वर्षांतली शेवटची सदतीस वर्षं महापौरपद मारी-फ्राँस बोफिस या एकाच बाईंकडे होतं. २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, तेव्हा एका शतकाचा किल्ला पडल्याची बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रांनी छापली.

ज्या रुळांनी गाव वसवलं, त्यांनीच ते उद्ध्वस्तही केलं. १९४४ च्या वसंत ऋतूत दोस्तराष्ट्रं नॉर्मंडीत उतरण्याची तयारी करत होती. जर्मन सैन्याची रसद तोडायची तर रेल्वेची यार्डं उडवणं भाग होतं. विमानं आली ती मित्रांची, पण उंचावरून टाकलेल्या बॉम्बला यार्ड आणि त्याला चिकटलेली चाळ यांतला फरक कळत नाही. गावाचा बहुतांश भाग ढिगाऱ्याखाली गेला. आजचं सँ-पिएर-दे-कॉर जुन्या युरोपच्या चित्रासारखं का दिसत नाही, याचं कारण हेच. सरळ रस्ते, युद्धानंतरची साधी घरं आणि रॅबातरी नावाची उंच इमारतींची मोठी वसाहत.

आणि मग वेग आला. १८ मे १९९० रोजी पॅरिसहून इकडे येणाऱ्या नव्या वेगवान मार्गावर, उत्तरेला वाँदोमजवळ, एका टीजीव्हीने ताशी ५१५.३ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. त्यासाठी गाडी आखूड केली होती आणि चाकं नेहमीपेक्षा मोठी बसवली होती. काही महिन्यांतच सामान्य प्रवासी त्याच रुळांवरून ताशी ३०० च्या वेगाने सँ-पिएर-दे-कॉरला येऊ लागले. वाटेत वूव्रेच्या द्राक्षमळ्यांखालून जाणारा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथल्या वाइन उत्पादकांना धास्ती होती, की गाड्यांच्या थरथरीने खडकातल्या तळघरांत मुरत पडलेली वाइन बिघडेल. म्हणून बोगद्यातल्या रुळांखाली कंपनं शोषणारं रबर घातलं गेलं. इतक्या प्रचंड यंत्रणेने बाटल्यांच्या झोपेची काळजी घ्यावी, हे फ्रान्समध्येच घडू शकतं!

पॅरिस तासाभरावर आलं तशी इथे घर आणि पॅरिसला नोकरी अशी माणसं दिसू लागली. सकाळच्या गाडीत रोजची ठरलेली तोंडं असतात.

गावाच्या अंगावरून जाणारी रेल्वे काही एकटीच नाही. १८२८ साली ल्वार आणि शेर यांना जोडणारा कालवा खोदला गेला होता. तो गाव आणि तूर यांच्या बरोबर मधून जाई. होड्या थांबल्या, कालवा बुजवला गेला आणि त्याच पट्ट्यावरून १९७० च्या दशकात ए-१० महामार्ग नेला. तूर आणि सँ-पिएर-दे-कॉर यांच्यामधली जी रेघ पाण्याची होती, ती आता मोटारींची आहे. नद्या मात्र आपल्या जागी आहेत. १८५६ च्या पुरात बांध फुटून तूर पाण्याखाली गेलं होतं, आणि आजही जवळपास सगळं गाव पूरक्षेत्रात मोडतं. इथे नवं घर बांधायचं म्हणजे आधी नदीचा विचार करावा लागतो.

२ जुलै २०१७ रोजी तूरच्या दक्षिणेपासून बोर्दोपर्यंतचा ३०२ किलोमीटरचा नवा वेगवान मार्ग सुरू झाला आणि पॅरिस-बोर्दो प्रवास २ तास ४ मिनिटांवर आला. त्या वेळात सँ-पिएर-दे-कॉरचा थांबा बसत नाही. १९९० मध्येच टाकलेल्या बाह्यवळणाने त्या गाड्या गावाच्या पूर्वेकडून, ल्वार आणि शेरवरच्या पुलांवरून सरळ निघून जातात. नवं वेळापत्रक लागलं की आता आपल्या स्थानकात बोर्दोच्या किती गाड्या थांबतात, ते इथले लोक आधी मोजतात.