बाबांची फियाट आणि माळ्यावरची दांडी

गाडीखालची एक साधी लोखंडी दांडी. असते तेव्हा कुणाला कळत नाही, नसते तेव्हा घाटात कळतं!

जुलै महिना, रविवारची सकाळ, जुना मुंबई-पुणे हायवे. बाहेर मस्त धुकं, काचेवर रिमझिम, कणसाचा प्लॅन पक्का. स्टिअरिंगवर मी, बाजूला बाबा, मागे आई. बोरघाटातल्या एका वळणावर आमची प्रीमियर पद्मिनी आधी बाहेरच्या बाजूला अशी काही कलली, की आईची पर्स सीटच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. पुढच्याच क्षणी गाडीचं मागचं अंग सटकलं. स्पीड चाळीसही नव्हता. गाडी थांबली तेव्हा कठडा हातभर लांब होता.

कुणीच काही बोललं नाही. कणीस वगैरे राहिलंच. घरी पोचल्यावर आई एवढंच म्हणाली, ''अहो, विकून टाका आता ती गाडी.''

आता तुम्ही म्हणाल, विकावी की! ईएमआयवर नवी हॅचबॅक मिळते, एसी असतो, एअरबॅग असतात. सगळं मान्य. पण १९८५ चं मॉडेल असलेली ही गाडी बाबांनी सेकंडहँड घेतली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. स्टिअरिंगखालचा तो गिअरचा दांडा पहिल्यांदा ओढला, त्या दिवशी मला 'आपण मोठे झालो' असं वाटलं होतं. शिवाय माझा इगोही दुखावला होता. सगळ्या बिल्डिंगचं मत एकच: ''पोरीने जोरात मारली असणार!''

स्टॅबिलायझर किधर है?

पुढच्या शनिवारी गाडी घेऊन कुर्ला गाठलं. पद्मिनीचं माहेरच ते! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनायला लागली, सत्तरच्या दशकात तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. लोकांच्या तोंडी मात्र ती कायम 'फियाट'च राहिली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. टॅक्स्या गेल्या, तसे त्यांचे मेकॅनिकही पांगले. जे उरलेत ते सोन्यासारखे जपावेत असे.

आमचे चाचा त्यातलेच. साठी ओलांडलेली, पण गाडीखाली शिरले ते विशीतल्या पोरासारखे. दोन मिनिटांनी खालूनच आवाज आला, ''बेटा, इसका स्टॅबिलायझर किधर है?''

मी बाबांकडे पाहिलं. बाबा समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहत होते.

ही दांडी करते काय?

अँटी-रोल बार म्हणजे गाडीच्या आडव्या बाजूने जाणारी स्प्रिंग स्टीलची सळई. मधला भाग रबरी बुशमधून चॅसीला धरलेला, दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेंशनला जोडलेली. वळणावर गाडी बाहेर झुकते, बाहेरचं सस्पेंशन दबतं आणि आतलं सैल होतं. तेव्हा ही सळई पिळली जाते. पिळलेलं स्टील पुन्हा सरळ व्हायला बघतं आणि तोच जोर गाडीला जास्त झुकू देत नाही. ओला टॉवेल पिळताना तो हाताला कसा उलटा जोर देतो, तसंच. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर ती बुशमध्ये नुसती फिरते, काहीच करत नाही.

मग आमची घसरली का? चाचांनी चहाचा ग्लास टेबलावर तिरका धरून समजावलं. पुढचा बार काढला की गाडी जास्त कलते आणि वळणावरचा भार पेलायचं काम मागच्या चाकांवर जास्त येतं. पद्मिनीत इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना. त्यात पावसाचा रस्ता आणि आमचे म्हातारे टायर! टायरांचा दोष होताच, चाचांनी तो लपवला नाही. पण सरळ रस्त्यावर वर्षानुवर्षं काहीच जाणवलं नव्हतं, हीच खरी गंमत. म्हणजे गंमत कसली!

बाबांचा कबुलीजबाब

परतीच्या वाटेवर सायनच्या सिग्नलला बाबा बोलले. काही वर्षांपूर्वी खड्ड्यांतून जाताना पुढून 'टक-टक' आवाज यायचा. बुश संपले होते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ''साहेब, पार्ट मिळत नाही. दांडीच काढून टाकतो. आवाज बंद, काही फरक पडत नाही.'' आवाज खरंच बंद झाला. ''खर्च वाचला म्हणून खूशच झालो होतो मी,'' बाबा म्हणाले. मग हळूच, ''त्या दिवशी तुम्ही दोघी गाडीत होतात गं.''

त्यावर मला काही बोलता आलं नाही. सिग्नल सुटला होता.

घरी आल्यावर त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरून एक लांबडं पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी! बाबा काहीही फेकत नाहीत, या सवयीवर आईने आयुष्यभर कटकट केली. त्या दिवशी नाही केली.

रबराचा शोध

दांडी सहसा संपत नाही, संपतं ते रबर. तारेच्या ब्रशने गंज काढला, वाकांवर तडा नाही ना ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं, काळा रंग मारला. बुशसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला. एका दुकानात 'फियाट' म्हटल्यावर मुलगा हसला, दुसऱ्यात आजोबांनी मागून धुळीचा डबा आणला. डब्यातलं रबर जुन्या स्टॉकचं, बोटाने दाबलं तर दगड! तसं घेऊ नका. शेवटी चाचांच्या ओळखीत ताजे बुश मिळाले. पॉलियुरेथेनचेही असतात. ते टिकतात, पण कडक असतात, ग्रीस नसलं की कुरकुरतात. आम्ही रबरच घेतलं.

बसवायला अर्धा दिवस गेला. त्यातला निम्मा वेळ दोन गंजलेल्या बोल्टांनी खाल्ला. आदल्या रात्री तेल सोडलेलं, तरी एक तुटलाच. मी उत्साहात गाडी वर असतानाच नट आवळायला घेतले, तर चाचांनी पानाच काढून घेतला. ''पहले गाडी को अपने पैर पे खड़ा कर!''

बुश बदलताय? मग हे वाचा

- पुढची दोन्ही चाकं सारखी उचला. एकच बाजू उचलली तर दांडी पिळलेली राहते आणि बोल्ट सुटताना झटका देते.
- नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. स्टँड लावा.
- बुश नेहमी जोडीने बदला.
- रबराला पेट्रोलियम ग्रीस लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं.
- शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना. मग थोडं चालवून पुन्हा तपासा.
- 'काढून टाका' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

नवे टायरही टाकले. मग रविवारी पहाटे रिकाम्या बीकेसीत बाबांनी गाडी काढली. पहिलं वळण, दुसरं वळण. कलली, पण बेतानं. टक-टकही नाही.

आई आता गाडीत बसते. अट एकच: पावसाळ्यात घाट नाही. बाबांनी मुकाट्याने मान्य केलीय. मीही!