यवन-रोमन नाणी आणि आपला बौद्ध वारसा

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. दूरदूरचा माल येथे उतरतो आणि पुढे रवाना होतो. उल्हास नदीपलीकडील कल्याण बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी हेच घडत होते. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी टिपणात कल्याणचा उल्लेख आहे. मिनॅंडर व अपोलोडोटस या यवन राजांची जुनी नाणी भरुचच्या बाजारात अद्याप चालतात, असेही तो लेखक नोंदवितो. हा मिनॅंडर म्हणजेच भदन्त नागसेनांना प्रश्न विचारणारा मिलिंद राजा होय. त्याच्या रौप्य नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनद्रस' अशी अक्षरे असतात.

या दुभाषी नाण्यांचे आपल्यावर फार मोठे ऋण आहे. ब्राह्मी व खरोष्ठी लिपी एके काळी कोणालाच वाचता येत नव्हत्या. १८३६ मध्ये लासेन यांनी यवन राजा अगाथोक्लीस याच्या नाण्यावरील ग्रीक नावाच्या आधारे त्यावरील ब्राह्मी नाव वाचले. पुढे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मीचा उलगडा पूर्ण केला आणि विस्मृतीत गेलेला सम्राट अशोक जगासमोर आला. सोपाऱ्याचा शिलालेख, कार्ले, कान्हेरी व नाशिकच्या लेण्यांतील दानलेख हे सारे त्यानंतरच बोलू लागले. नाशिकच्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्रीचा यवन होता, हेही त्यामुळेच कळले.

नाशिकच्याच दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव दिली. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो! विणकरांच्या भिवंडीत राहणाऱ्या वाचकांना ही श्रेणी परकी वाटू नये.

स्वतः नहपानाच्या रौप्य नाण्यांवर मुखवटा पाश्चात्त्य धर्तीचा असून अक्षरे ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तिन्ही लिपींत आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा इतका निर्विवाद पुरावा क्वचितच मिळतो. तो मिळाला, कारण साठा एकत्र राहिला आणि अभ्यासकांच्या हाती आला. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर त्यांतून फक्त चांदीचा भाव कळला असता.

ग्रीक-रोमन नाणी जमविण्याचा छंद आज आपल्या तरुणांतही दिसतो. छंदाला आमचा विरोध नाही; परंतु बाजारात बनावट नाणी विपुल आहेत, आणि अस्सल नाणेही कोठून निघाले हे ठाऊक नसेल तर इतिहासाच्या दृष्टीने ते अर्धे मुके असते. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत आधी नाणी पाहावी, मग खरेदीचा विचार करावा.

वळ परिसरात गोदामांचे पाये खोदताना कोणास जुनी नाणी आढळली तर ती चिंच वा आम्ल लावून उजळू नयेत. ज्या भांड्यात ती असतील ते भांडे व जागा यांची छायाचित्रे घ्यावीत. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना धातुकरंडकाबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे एक रौप्य नाणे मिळाले होते. ते नेमके कोठे मिळाले याची नोंद झाल्यामुळेच स्तूपाच्या काळाविषयी बोलताना अभ्यासकांना त्या एका नाण्याचा आधार घेता आला.