करवत येताना कापते की जाताना?

येता-जाता टोचून बोलणाऱ्याला मराठीत करवतीची उपमा मिळते. पुढे सरली तरी कापते, मागे सरली तरी कापते, अशी तिची ख्याती. ओंडके आडवे कापणारी, दोघांनी ओढायची मोठी करवत असते तशी. पण सुताराच्या हातातली साधी करवत एकाच दिशेला कापते. ती दिशा कोणती, हे तिचे दाते सांगतात.

इंदुरातल्या मराठी माणसाचा गोंधळ नावापासूनच सुरू होतो. मराठी घरात आरी म्हणजे चांभाराचे टोचायचे हत्यार. बाजारातल्या हिंदीत आरी म्हणजे करवत. शहराच्या मधोमध उभा असलेला राजवाडा करवतीची जुनी कामगिरी दाखवतो. १८व्या शतकात होळकरांनी उभारायला घेतलेल्या या सात मजली वाड्याचे खालचे तीन मजले दगडी, तर वरचे चार लाकडी. तेव्हा आरा मशीन, म्हणजे लाकूड कापायचे यंत्र, नव्हते. १९८४ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी झाली.

करवत निवडताना पहिला प्रश्न असा : लाकूड रेषांच्या दिशेने उभे चिरायचे आहे की रेषांना आडवे कापायचे आहे? चिरायच्या करवतीचे दाते छोट्या पटाशीसारखे सपाट धारेचे असतात. ते लाकडाचे बारीक छिलके काढत जातात. आडव्या कापाच्या करवतीचे दाते तिरके घासलेले, सुरीच्या टोकासारखे असतात. ते आधी तंतू तोडतात. पटाशीसारख्या दात्यांनी फळी आडवी कापली, तर कडा फाटते.

दुसरा प्रश्न दात्यांच्या संख्येचा. चिरायला इंचाला चार ते सात दाते, आडव्या कापाला आठ ते बारा. चौकटीचे साल-कूस बसवायला पाठीवर पट्टी असलेली छोटी करवत लागते. तिचे दाते आणखी बारीक असतात.

दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित झुकवलेले असतात. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पाते अडकत नाही. मूठ डोळ्याजवळ धरून दात्यांच्या ओळीवरून नजर टाकावी : पाते सरळ हवे, झुकाव दोन्ही बाजूंना सारखा हवा. पाते हलके वाकवून सोडले की ते पुन्हा सरळ झाले पाहिजे.

दात्यांची टोके पुढे झुकलेली असतील तर करवत ढकलताना कापते, मुठीकडे झुकलेली असतील तर ओढताना. जपानी करवती ओढून चालतात. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही, म्हणून ते अगदी पातळ ठेवता येते.

कापताना खूण टाकायची आणि करवत रेषेवर नव्हे, रेषेच्या टाकाऊ बाजूला ठेवायची. अंगठ्याचा आधार देऊन, कापायच्या उलट दिशेला दोन-तीन हलके हात फिरवले की खाच पडते. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ. मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत. आडव्या कापाला पाते सुमारे ४५ अंशांत, चिरायला ६० अंशांत. जोर लावायचा नाही. पात्याची पूर्ण लांबी वापरायची. चिरताना फट मिटू लागली तर त्यात पाचर ठोकावी. काप संपत आला की सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने धरावा, नाहीतर शेवटी ढलपी उडते.

मध्य प्रदेश सागाच्या जंगलांचा प्रदेश. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे दाते लवकर बोथट होतात. जुन्या धाटणीच्या करवतीला तिकोनी कानशीने पुन्हा धार लावता येते. ज्यांच्या दात्यांची टोके निळसर-काळी दिसतात, त्या करवती उष्णतेने कडक केलेल्या असतात. त्यांची धार जास्त टिकते, पण कानस त्यांच्यावर चालत नाही. बोथट झाल्या की बदलाव्याच लागतात. पात्यावर मेणबत्ती घासली तर ते सहज सरकते, आणि पावसाळ्यात तेलाचा हात दिला तर गंज धरत नाही.

घरच्या किरकोळ कामासाठी एकच करवत घ्यायची असेल, तर इंचाला आठ ते दहा दात्यांची, आडव्या कापाची घ्यावी. फळ्या चिरायच्या असतील, तर ते काम आरा मशीनवाल्याकडून करून घेणे सोपे पडते.