तासाला 864 कोटी घोट!

दादऱ्याला समुद्र नाही. पण दमणगंगा जवळ आहे. नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावलेली ही नदी 131 किलोमीटर धावून दमणला अरबी समुद्रात शिरते, आणि हिवाळ्यात तिच्या मागोमाग दादरा-सिल्वासाकडच्या पक्षीमित्रांनाही खाडीची ओढ लागते. शनिवारी दमण, रविवारी ठाण्याची खाडी. दमण हाकेच्या अंतरावर. ठाण्याची खाडी महामार्गाने साधारण 160 किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराहून थोडी जास्त. दुर्बीण घ्याच, पण वही-पेन्सिल विसरू नका. या सहलीत जितके पक्षी तितकेच आकडे आहेत, आणि आकडे तोंडात बोट घालायला लावणारे!

सुरुवात सगळ्यात छोट्यापासून करू. ओहोटीच्या चिखलावर एक करडा ठिपका तुरुतुरु पळतो, थांबतो, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच टकटक खाली मारतो आणि पुन्हा पळतो. हा टिलवा. वजन जेमतेम 25 ग्रॅम. पाच रुपयांचे नाणे 6 ग्रॅमचे; चार नाणी तळहातावर ठेवा, झाला टिलवा. वीस रुपयांची चिल्लर! आणि ही चिल्लर जन्मते सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तिथून आपल्या किनाऱ्यापर्यंत सहा हजार किलोमीटरच्या पुढे उडत येते. मुंबई-पुण्याचे 150 किलोमीटर धरा. एकामागून एक अशा 40 फेऱ्या! आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा 40, परतीच्या.

थक्क झालात? अजून पाणटिवळा यायचा आहे. लांब, किंचित वर वळलेली चोच, पट्टेरी शेपटी, वजन अर्ध्या किलोच्या आगेमागे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो हिवाळा काढतो. त्याच्याच जातीच्या, पण प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या एका पिल्लाने ऑक्टोबर 2022 मध्ये अलास्काहून उड्डाण केले आणि थेट टास्मानियात पाय टेकले. 13,560 किलोमीटर. 11 दिवस आणि 1 तास. मध्ये खाणे नाही, पाणी नाही, टेकायला फांदी नाही, खाली फक्त महासागर! मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, असे 45 वेळा, इंजिन एकदाही बंद न करता. सरासरी वेग ताशी 51 किलोमीटर, रात्रंदिवस. आणि वय? पाचेक महिने. आपल्याकडे या वयाचे बाळ नुकते कूस बदलायला शिकलेले असते.

आता ठाण्याकडे. खाडीवर घड्याळापेक्षा तिथी मोठी. कोकणातला जुना हिशेब सांगतो, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. ऐरोलीच्या वन विभागाच्या केंद्रातून बोट सुटते तीही याच गणिताने. भरतीचे पाणी म्हणजे किती? ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले, 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. अभयारण्यात 896 हेक्टर खारफुटी, 794 हेक्टर पाणी. खारफुटी सोडून द्या, नुसत्या पाण्याच्या भागात पातळी एक मीटर चढली असे धरा. आता आपल्या शेतातली विहीर आठवा: सहा मीटर व्यास, दहा मीटर पाणी, तुडुंब. अशा 28 हजार विहिरी! एका मीटरला! आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती चार मीटरच्याही वर जाते. दिवसातून दोनदा हे पाणी येते, दोनदा जाते, आणि जाताना मागे चिखलाचे ताट वाढून ठेवते.

त्या ताटावर बसणारी पंगत पाहा. जानेवारी 2019 च्या गणनेत या खाडीत सुमारे 1 लाख 20 हजार रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असल्याचा अंदाज होता. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसायच्या जागा बाराशेच्या घरात. एकेक रोहित एकेका जागेवर बसवायचा तर शंभर लोकल लागतील. पंख पसरून एका ओळीत उभे केले, प्रत्येकाला एक मीटर दिला, तर रांग चर्चगेटपासून थेट डहाणूपर्यंत. चर्चगेट ते डहाणू, सगळे गुलाबी!

आणि खाणे? छोट्या रोहिताला दिवसाला सुमारे 60 ग्रॅम शेवाळ लागते, तेही सुके वजन. इतके सगळे छोटे रोहितच धरले तर रोजचे 72 क्विंटल. हिवाळा-उन्हाळा मिळून सहा महिन्यांत जवळपास 1,300 टन. मालगाडीचा एक वॅगन साठेक टन घेतो. 21 वॅगन भरूनही थोडे उरतेच.

हे सगळे कशाने गोळा होते? बोट जवळ गेली की एकाकडे टक लावून बघा. मान खाली, डोके उलटे, वरची चोच तळाशी, पाय चिखल ढवळताहेत आणि गळ्याशी एक बारीक थरथर. ती थरथर म्हणजे जिभेचा पंप. चोचीच्या कडांना केसांएवढ्या बारीक पट्ट्या, दहा हजारांच्या आसपास. जीभ पाणी आत ओढते, पट्ट्यांतून बाहेर ढकलते, शेवाळ आत राहते. छोट्या रोहिताची जीभ हे करते सेकंदाला सुमारे 20 वेळा. मिनिटाला 1,200. आता सगळी पंगत एकदम जेवायला बसवू. सेकंदाला 24 लाख घोट. मिनिटाला 14 कोटी 40 लाख; 2011 च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता! आणि तासाला? 864 कोटी. पृथ्वीवर आज माणसे आहेत 800 कोटींच्या थोडी वर. म्हणजे सगळ्या जगाने एकेक घोट घेतला तरी ठाण्याच्या खाडीचा एक तास भरणार नाही!

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. त्या महिन्यातला एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा, तिथीची पाऊणपट काढा, ऐरोलीची बोट आधी नोंदवा, आणि दमणच्या चिखलावर दिसलेले टिलवेही मोजून त्यांचा आकडा त्या गणनेत घाला.